क्लीनर साइडचं फाउंडेशन

गुरुनाथ पिसाळनं ती जीप आणली त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले. आमच्या टेक्सासातल्या प्लेनोत घरांची तोंडं रस्त्याकडे आणि गॅरेजं मागच्या गल्लीत उघडतात. त्याचं गॅरेज आणि माझं गॅरेज समोरासमोर, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. त्या वाटेवर यानं ते धूड आणून उभं केलं. रंग उडालेला, कापडी टप फाटलेला आणि खाली तेलाचे थेंब. मी म्हटलं, "अरे गुरुनाथ, हे काय उचलून आणलंस?"

"काकू, फोर व्हील ड्राइव्ह आहे. सहा सिलिंडर!" मी जशी काही सिलिंडर मोजायलाच बाहेर आले होते.

गुरुनाथ मूळचा कराडचा. शिकला मेकॅनिकल, पण अमेरिकेत आला तो सॉफ्टवेअर तपासायला. इथल्या एका टेलिफोन कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा आणि शनिवार-रविवार जीप घेऊन रेड रिव्हरच्या वाळूत जायचा. चिखलानं माखून परत आला की आधी गाडी धुवायचा, मग स्वतःला. पस्तिशी आली तरी लग्नाचं नाव नव्हतं. घरचे कराडहून मुलींचे फोटो पाठवायचे आणि हा इथून जीपचे फोटो कराडला पाठवायचा.

ते फोटो जायचे अण्णांसाठी. अण्णा म्हणजे त्याचे वडील, प्रल्हाद पिसाळ. सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलेली. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःचं गॅरेज टाकलं आणि तिथं वडापच्या जीपा दुरुस्त करू लागले. खेड्यापाड्यातली माणसं कोंबकोंबून नेणाऱ्या जीपांना तिकडं वडाप म्हणतात. गॅरेज आता थोरला मुलगा अरुण बघायचा, पण आवाज ओळखायचा झाला की बोलावणं अण्णांनाच.

बापलेकाचं एरवी कधी फारसं पटलं नव्हतं म्हणे. गुरुनाथनं नोकरी धरली ती पंख्याखाली बसायची, याचा अण्णांना राग. पण जीप आली आणि दोघांना बोलायला विषय मिळाला. दर शनिवारी सकाळी नाश्ता झाला की गॅरेजचं दार वर जायचं, बाकड्यावरचा फोन स्पीकरवर लागायचा आणि तिकडून पहिल्यांदा ऐकू यायच्या त्या गुरुनाथच्या आईच्या बांगड्या. ती फोन उचलून अण्णांपर्यंत नेईस्तोवर नुसता काचेचा किणकिणाट. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. मग अण्णांचा खणखणीत आवाज: "बोल. काय म्हणतीय गाडी?"

आणि हा पठ्ठ्या चक्क फोन उचलून इंजिनाला नेऊन लावायचा! सातासमुद्रापलीकडचा माणूस फोनवरून गाडीची नाडी बघतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी पुण्याची, मला हसू आवरायचं नाही. पण अण्णा नुसते ऐकत नसत, विचारत. आवाज पळताना येतो का उभ्या गाडीला? ॲक्सिलरेटर दाबल्यावर का सोडल्यावर? वळताना वाढतो का? एकदा गाडीखालून चिमणी चिवचिवावी तसा आवाज यायला लागला. अण्णांनी विचारलं, "वेगाबरोबर वाढतोय न्हवं? मग शाफ्टाचा क्रॉस कोरडा झालाय. हातानं शाफ्ट हलवून बघ, मग पाना उचल." ही त्यांची शिस्तच. आधी हात, मग पाना. गुरुनाथनं बघितलं, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या त्या दांड्याचा सांधा खरंच वाळून गेला होता.

अण्णा चुकले ते मी एकदाच ऐकलं. पुढच्या चाकातून घरघर यायची. उजवीकडे वळलं की आवाज वाढतो, असं गुरुनाथनं सांगितलं. अण्णा तडक म्हणाले, "क्लीनर साइडचं बेअरिंग गेलंय." ट्रक-एस.टी.वाल्यांची ती भाषा. गाडीची एक बाजू ड्रायव्हरची, दुसरी क्लीनरची. यानं दिवसभर खपून ड्रायव्हरच्या पलीकडचं चाक उघडलं, तर आतलं बेअरिंग ठणठणीत! पुढच्या शनिवारी हे ऐकून अण्णा स्वतःवरच उखडले. "आरं, तुमच्याकडं स्टिअरिंग डावीकडं. मी तुला क्लीनरच्या जागंवर बसवला की रं! आमचा क्लीनर डावीकडं बसतो." त्या दिवसापासून त्यांनी गुरुनाथशी बोलताना ते शब्दच टाकून दिले. तुझ्या डाव्या हाताला, तुझ्या उजव्या हाताला, असंच म्हणायचे. लहान पोराला समजावल्यासारखं वर विचारायचे, "डावा हात कंचा? घड्याळाचा. ध्यानात ठेव."

मग अण्णांचा घसा बसला. तंबाखूची कृपा. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

गुरुनाथला तेव्हाच जायचं होतं. पण त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज आत गेलेला होता, आणि त्या काळात देशाबाहेर पाऊल टाकायचं तर परत येण्याची परवानगी आधी हातात लागायची. तशी न घेता गेलं की अर्ज रद्द समजायचे. त्याच्या ऑफिसातला एक जण आईच्या आजारपणात तसाच धावत गेला. तो महिनोन् महिने तिकडेच अडकला आणि इथली नोकरी गेली. कंपनी आधीच माणसं कमी करत होती. गुरुनाथनं परवानगीचा अर्ज टाकला आणि वाट बघत बसला. रोज संध्याकाळी गाडीतून उतरला की आधी टपालपेटी उघडायचा. पेटीत पिझ्झ्याच्या जाहिराती असायच्या.

त्याला काय हवं होतं, तर एकदा जाऊन अण्णांच्या शेजारी बसायचं होतं. दुसरं काही नाही. मला म्हणाला होता, "काकू, एकदा त्यांना घेऊन कराडजवळच्या घाटात गॅरेजातली एखादी जीप चालवायची आहे. ते बाजूला बसतील. बोलता येत नसलं तरी काय, ऐकतील ना."

शनिवारचा फोन थांबला नाही. आता आई मध्ये बसायची. ती फोन अण्णांच्या कानाला लावायची, अण्णा ओठ हलवायचे, ती ते वाचायची आणि मोठ्यानं सांगायची: "ते म्हणत्यात, बेल्ट बघ." "ते म्हणत्यात, ऑइल कदी बदललं?" सांगितलेलं बरोबर असलं की अण्णा बोटानं फोनवर टक् करून वाजवायचे. तेवढी टक् ऐकली की गुरुनाथचा चेहरा उजळायचा. इतकी वर्षं ज्या बापाशी नीट चार शब्द बोलला नाही, त्याच्या एका बोटाच्या आवाजासाठी हा आठवडाभर जीव धरून असायचा. मला कधी कधी त्याचा राग यायचा आणि कीवही.

दसरा झाला आणि टक् बंद झाली. आई म्हणाली, "हाताला सलाईन लावलीय बाबा." पुढच्या वेळी म्हणाली, "हात लई थरथरतोय." दिवाळीला यानं विचारलं, "फराळ केलास का, आई?" ती म्हणाली, "केला की. चकल्या जरा मऊ झाल्या." आणि प्रत्येक वेळी शेवटी तिचा एकच प्रश्न: "कागद आला का रं तुजा?"

"नाही आला."

"येईल. कागद आल्याबिगर हलू नकोस हां. ते म्हणत्यात."

नोव्हेंबरात जीपला नवीनच दुखणं लागलं. गिअर टाकला की ठक्! सिग्नलवरून निघाली की ठक्! बसल्या जागी पायाखाली हादरा. मी गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई असते तरी मला ऐकू आलं असतं. इथं तर गॅरेजसमोर गॅरेज. गुरुनाथनं शनिवारी सगळं सांगितलं. पळत्या गाडीला काही नाही, बोजा पडला की ठक्. तिकडं बराच वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "ते म्हणत्यात... फाउंडेशन गेलं आसंल. क्लीनर साइडचं फाउंडेशन बघ."

फाउंडेशन म्हणजे इंजिन चेसिसवर ज्या रबराच्या बैठकांवर बसतं त्या. दोन्ही बाजूंना एकेक. रबर फाटलं की बोजा पडताच इंजिन एका अंगानं उठतं आणि आपटतं, तीच ती ठक्. हे सगळं मला गुरुनाथनं नंतर शिकवलं. त्या दिवशी मात्र त्यानं हात लावून बघितलं नाही, काही नाही. अण्णांनी सांगितलंय ना! नवीन बैठक मागवली, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला आणि ड्रायव्हरच्या पलीकडची बैठक बदलून टाकली. काढलेलं जुनं रबर हातात घेऊन मला दाखवायला आला, तेव्हा जरा गोंधळलेला होता. "काकू, हे तर चांगलंच दिसतंय."

"मग काढलंस कशाला?"

"अण्णा म्हणाले ना."

गाडी सुरू केली. गिअर टाकला. ठक्.

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी तो माझ्या दारात आला. "काकू, पाच मिनिटं हेल्प कराल का? आत बसून ब्रेक दाबायचा आहे." ही दोन माणसांची परीक्षा. एकानं आत बसून ब्रेक घट्ट दाबायचा, गिअर टाकायचा आणि हलकेच ॲक्सिलरेटर द्यायचा. गाडी जागची हलत नाही, पण इंजिनावर बोजा येतो. दुसऱ्यानं बॉनेट उघडून, बाजूला उभं राहून इंजिन कुठून उठतं ते बघायचं. समोर कधीच उभं राहायचं नाही, ही अण्णांचीच ताकीद. मी म्हटलं, "तुला काही झालं तर तुझ्या आईला तोंड कसं दाखवू मी?" पण बसले. ती सीट म्हणजे स्प्रिंगा टोचणारी खाट होती नुसती.

"ड्राइव्हला टाका. ब्रेक सोडू नका. आता जरासा गॅस."

मी जरासा दिला. ठक्! आणि बॉनेटच्या फटीतून मला ते काळं इंजिन माझ्याच बाजूनं वर उचललेलं दिसलं. माझ्या डाव्या हाताच्या बाजूनं. ड्रायव्हरच्या.

"परत एकदा," गुरुनाथ म्हणाला. परत तेच. "बंद करा, काकू."

मी गिअर पार्कला आणून चावी फिरवली. तो तिथेच बॉनेटला धरून उभा. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला. "इंजिन नेहमी याच अंगानं उठतं, काकू. इकडच्या गाडीत काय, तिकडच्या गाडीत काय. ते फिरतं एकाच दिशेनं. कराडच्या जीपेत ही बाजू क्लीनरची. अण्णांच्या गॅरेजात आम्ही लहानपणापासून ऐकलंय, क्लीनर साइडचं फाउंडेशन आधी जातं."

"मग बरोबरच आहे की त्यांचं."

"बरोबर आहे. पण अण्णा मला क्लीनर साइड म्हणणार नाहीत. ते डावा हात म्हणतील. एकदा चुकले ते परत नाही चुकणार, काकू. मेले तरी."

स्वतःच्याच शब्दानं त्याचं तोंड पांढरं पडलं. मी काहीतरी बोलणार होते, की अरे, आजारी माणूस आहे, विसरले असतील. पण तो बाकड्याकडे गेला आणि त्यानं फोन लावला, स्पीकरवर. तिकडं रात्रीचं जेवण झालं असेल. फोन उचलला गेला.

"आई, अण्णांना फोन दे."

"झोपल्यात रं. आत्ताच डोळा लागलाय. काय म्हणतीय गाडी?"

"उठव त्यांना. नुसतं एकदा टक् करू दे."

"गोळी घेतलीया त्यांनी. उद्या..."

गुरुनाथ वाकून त्या फोनच्या अगदी जवळ गेला, इंजिनाजवळ जायचा तसा. कितीतरी वेळ ऐकत राहिला. तिकडून आईचा श्वास येत होता, कुठंतरी भांडं वाजलं. मग त्यानं हळूच विचारलं, "आई, तुझ्या बांगड्या वाजत नाहीत?"

मी जीपमध्ये बसल्या बसल्या आठवून बघितलं. खरंच! फोन उचलताना आवाज झाला नव्हता. त्या दिवशी नाही, मागच्या शनिवारी नाही, दिवाळीलाही नाही. गाडीत नवा आवाज आला की आपण लगेच कान टवकारतो. येणारा आवाज थांबला, तर कुणाच्या लक्षात येतं?

तिकडून हुंदका आला. मग एकदम बांध फुटल्यासारखी ती बोलायला लागली. अण्णा नवरात्रातच गेले होते. रात्री दूध घेतलं आणि पहाटे उठलेच नाहीत. अरुणनं सगळं केलं. "मी न्हाई ठरवलं रं, गुरू. त्यांनीच आदी सांगून ठेवलं हुतं. हातानं विमानाची खूण केली, तुज्या फोटूकडं बोट केलं आन् न्हाई न्हाई म्हणून हात हलवला. तू धावत येशील आन् तुजं समदं जाईल. कागद येऊ दे म्हणलं. कागद आला की सांगू."

गुरुनाथ रडला नाही. तो बाकड्यावरचा एक पाना उचलायचा आणि परत तिथेच ठेवायचा. परत उचलायचा. माझ्याच्यानं ते बघवेना.

खरं सांगते, मला त्या माउलीचा संताप आला. आपल्या लोकांची ही काय रीत आहे? परदेशातल्या माणसाला काही सांगायचं नाही. त्याला काळजी नको, त्याची परीक्षा आहे, त्याचा कागद यायचाय. माझी सख्खी मावशी गेली हे मला तिच्या नातवाच्या लग्नपत्रिकेवरून कळलं. तिच्या नावाआधी 'कैलासवासी' होतं. सांगणाऱ्यांना वाटतं, आपण मोठं दुःख वाचवलं. दुःख वाचत नाही हो. ते नुसतं शिळं होऊन हातात पडतं आणि माणसाला रडायलाही उशीर झालेला असतो. बाप जाऊन राख नदीला मिळाली आणि मुलगा इकडे त्याच्या बोटाची टक् ऐकायला कान लावून बसलाय! मी मनातल्या मनात त्या बाईला नाही नाही ते बोलले.

आणि तेवढ्यात तीच बाई नाक ओढत म्हणाली, "माजं चुकलं का रं? फाउंडेशनचं? त्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलंय म्हून सांगितलं. अरुण घरात न्हवता, दुसऱ्या कुणाला इचारू? आवाज गेला का गाडीचा?"

गुरुनाथनं उघड्या बॉनेटकडे बघितलं. डावीकडचं फाटकं रबर तिथंच होतं. नवी, चुकीच्या बाजूला बसवलेली बैठक चकाकत होती.

"गेला, आई," तो म्हणाला. "तू सांगितलंस तेच निघालं. क्लीनर साइडचंच."

"खरं?"

"खरं."

"मंग सुरू कर बगू. माज्या कानानं ऐकू दे एकदा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. एवढा वेळ ज्या रीतीला शिव्या घातल्या, तीच आता माझ्या हातात चावीसारखी आली होती. अण्णांचं म्हणणं असायचं, बोजा पडल्याशिवाय गाडी बोलत नाही. नुसती जागच्या जागी चालू ठेवली, गिअरला हात लावला नाही, तर फाटकं फाउंडेशनसुद्धा गप्प बसतं. एवढं तर मीही शिकले होते.

मी ब्रेकवर पाय दाबून धरला आणि चावी फिरवली. गिअरच्या दांड्याला बोट लावलं नाही. इंजिन सुरू झालं, एकसारखं, शांत. गुरुनाथनं फोन उचलून इंजिनाजवळ धरला, बापाला ऐकवायचा तसा. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी टपटपा इंजिनावर पडत होतं आणि तापलेल्या लोखंडावर लगेच वाळत होतं. मलाही काही दिसेनासं झालं. नुसता पाय तेवढा ब्रेकवर धरून बसले होते.

पलीकडे आई ऐकत राहिली. मग जरा अभिमानानंच म्हणाली, "अगदी गप झाली की रं. त्यांना सांगाय पायजे."